हॉलमधला तंबू

बाहेर शेहेचाळीस डिग्री ऊन होतं आणि सुजाता लोकरीच्या टोप्यांवर नावाच्या पट्ट्या शिवत बसली होती.

जुलै महिना. अल मजाजमधल्या त्या टॉवरच्या सातव्या मजल्यावरून खालिद लगूनचं पाणी पांढरंफटक दिसत होतं, काठावर चिटपाखरू नव्हतं. शाळा सुटल्या की निम्मी शारजा भारतात पळते. दरवर्षी हे तिघंही नाशिकला जायचे. यंदा मात्र अरुशाहून आमंत्रण आलं होतं. सुदेश रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कंपनीत आफ्रिकेची विक्री पाहायचा, आणि टांझानियातल्या मोठ्या डीलरने खूश होऊन दोन कुटुंबांना जंगलात तंबूत राहायला बोलावलं होतं. एक सुदेशचं, दुसरं रामेश्वरचं. रामेश्वर त्याच कंपनीत अ‍ॅडमिन सांभाळायचा आणि याच बिल्डिंगमध्ये दहाव्या मजल्यावर राहायचा. तिथे जुलैत म्हणे पहाटे दात वाजतात. म्हणून टोप्या, म्हणून स्वेटर, म्हणून हॉलच्या मधोमध हा हिरवा तंबू.

तंबू सुदेशने आणला होता, सवय व्हावी म्हणून. सोफे भिंतीला सारले, एसी फुल्ल केला आणि लेकीला म्हणाला, "यल्ला, चला, आता हेच आपलं घर." सहा वर्षांच्या मिहिकाने तिथे जो मुक्काम ठोकला तो ठोकलाच. जेवण तंबूत, दुपारची झोप तंबूत.

सुजाता दोन टाके घालायची आणि सुई तशीच धरून ऐकत राहायची. एसीच्या घरघरीखालून मुलीचा श्वास येतोय ना? आला की पुढचा टाका. हे ऐकणं तिला गेल्या वर्षीच्या जुलैपासून जडलं होतं.

नाशिकला, सुदेशच्या बहिणीच्या, आशावन्संच्या घरी सगळे जेवायला बसले होते. मिहिकाच्या हातातली पुरी ताटात पडली, डोळे वर गेले आणि घशातून एक आवाज आला. घोगरा, खोल, मुलीचा न वाटणारा. मग सगळं अंग ताठ. अंगात ताप नव्हता. पंधरवड्यात पुन्हा तसंच झालं, मग परत एकदा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, रोज दोन वेळा घ्यायचं पातळ औषध दिलं आणि बजावलं, "तीन वर्षं. एकही डोस चुकवायचा नाही. अचानक बंद तर अजिबात नाही." तिथून परतताना रिक्षात सासूबाई एवढंच म्हणाल्या, "ताप डोक्यात गेला होता, असं सांगायचं. मुलीची जात आहे, उद्या तिला उजवायची आहे." ते वाक्य रिक्षातून उतरून थेट शारजापर्यंत आलं.

ते औषध डॉक्टरी कागदाशिवाय दुबईच्या विमानतळावर पकडतात, असं सुदेशला कुणीतरी सांगितलं होतं. कागद दाखवायचा म्हणजे आजाराचं नाव दाखवायचं. म्हणून आशावन्संच्या ओट्याशी उभं राहून सुजाताने ते लोहाच्या टॉनिकच्या तपकिरी बाटल्यांत ओतलं होतं. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. बाटलीवर एक लेबल आणि आत दुसरंच काही, ही गोष्ट कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी केली असती तर तिनेच आरडाओरडा केला असता. आता फ्रिजच्या दारात तशी शेवटची बाटली उरली होती. आलंगेलं कुणी फ्रिज उघडला तरी टॉनिकच दिसायचं. मिहिकासुद्धा टॉनिकच म्हणायची.

औषध सुरू झाल्यापासून वर्षभर काही झालं नव्हतं. सुदेशच्या हिशेबी तो विषय खलास होता.

"अहो, तिथे दवाखाना कुठे असेल?" तिने त्याला एकदा नाही, अनेकदा विचारलं होतं.

"सुजाता, लोक लंडनहून पोरंबाळं घेऊन जातात तिथे. तू आधीच रडू नकोस. पोरीला सिंह बघू दे की."

पोरीला सिंह बघायचाच होता. आणि सुदेशला आपली पोर चारचौघींसारखी आहे हे बघायचं होतं. सुजाताला ते कळत होतं, म्हणून तर तिला त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

पिवळ्या तापाची लस घ्यायला दोन्ही कुटुंबं एकाच गाडीतून गेली. सुदानी डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या. टोचण्याआधी त्यांनी इंग्रजीतून सगळं विचारलं. अंड्याची अ‍ॅलर्जी? दमा? फिट्स, मुलांपैकी कुणाला? खोलीत सहा माणसं होती. रामेश्वर घड्याळ बघत होता. त्याची बायको विनिता नऊ वर्षांच्या प्रज्ञाची बाही वर सारत होती. कंपनीच्या लोकांच्या औषधपाण्याची बिलं रामेश्वरच्याच टेबलावरून जायची, आणि विनिताला कळलं की महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना कळणार.

"नो, नो. ऑल हेल्दी," सुदेश म्हणाला.

बाईंनी सुजाताकडे पाहिलं. "मदर?"

"नो," सुजाता म्हणाली.

किती सहज निघालं तोंडातून! जसं काही ते तिथे जिभेखाली तयारच होतं. बाईंनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, आठवड्याला एक. घरी येऊन सुजाताने खोक्यातला बारीक अक्षरातला कागद उलगडला. ज्यांना झटके येतात त्यांना ही गोळी देऊ नये, असं त्यात छापलंच होतं. तिने मिहिकाची गोळी बाल्कनीतल्या मनी प्लँटच्या मातीत दाबली, आणि मग ग्रिल धरून उन्हात उभी राहिली. आता पोरगी झटक्यापासून वाचली तर डासाच्या तोंडी होती. पुढे पाऊल टाकायला जागाच नव्हती.

सोमवारी विनिता मदतीला आली. ती अशीच होती. न बोलावता यायची, येताना काहीतरी करून आणायची आणि आल्या आल्या कमरेला ओढणी बांधायची.

"अगं, तू अजून मोज्यांवरच? औषधांचा डबा कुठाय तुझा? आण इकडे. तुला ना, उगाच घाबरायला फार वेळ मिळतो."

सुजाता आतल्या खोलीत कपाटावरून बॅग काढत होती. स्वयंपाकघरातून विनिताची बडबड ऐकू येत होती. क्रोसिन घेतलं, बँडेज घेतलं, ओआरएस घेतलं. मग फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज. मग बाहेर लिफ्टशेजारी, कचरा थेट तळघरात सोडायच्या झडपेचा ठण्ण आवाज.

सुजाता बाहेर आली तेव्हा विनिता हात पुसत होती.

"काय गं बाई, शिकलेली ना तू? त्या टॉनिकवरची तारीख बघितलीस कधी? मागच्या वर्षीच संपलंय! रोज पाजतेस ना पोरीला? टाकून दिलं. हे घे नवं, माझ्या पिशवीतच होतं, आमच्या प्रज्ञासाठी आजच दोन बाटल्या घेतल्या होत्या." ओट्यावर नवीकोरी तपकिरी बाटली होती. तेच नाव, तेच लेबल.

सुजाताला लिफ्टचीही वाट बघवेना. ती सात मजले जिना उतरून तळघरात गेली. कचऱ्याच्या खोलीच्या दाराशी वॉचमन लियाकत पाइपने फरशी धूत होता.

"बाजी, म्युनिसिपालटी की गाड़ी अभी निकली. कुछ सोना-वोना गिरा क्या?"

"नहीं," ती म्हणाली. "बोतल थी."

लियाकत हसला. बाटलीसाठी! ओल्या फरशीवर काचेचे तपकिरी तुकडे होते, पाण्याबरोबर सरकत जाळीकडे चालले होते. ते त्याच बाटलीचे की दुसऱ्या कुठल्या, कोण सांगणार. वर आली तेव्हा तिची साडी घोट्यापर्यंत ओली होती.

विनिताने तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. "जुन्या बाटलीसाठी कचऱ्यात? धन्य आहेस बाई!"

तेव्हा सांगता आलं असतं. विनिता समोर होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, मिहिका तंबूत चित्रं काढत होती. सुजाताने ओठ उघडले आणि म्हणाली, "सवय गं. चहा टाकू?"

खालच्या फार्मसीतल्या मोहिद्दीनने मान हलवली. "चिट्ठी के बिना नहीं, बहनजी. ये दवा तो बिलकुल नहीं." नाशिकला फोन लावला तर आशावन्सं म्हणाल्या की कुणी येणारं मिळालं तर पाठवते, पण या आठवड्यात अवघड दिसतंय. सुदेश ऑफिसातून आला, त्याला तिने बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

तो ऐकून खाली बसला. घाबरला, हे तिने पाहिलं. पण मग सावरला, आणि त्याचं ते सावरणं तिला नको होतं.

"इथे डॉक्टरकडे नेऊ या," ती म्हणाली. "आजच. कंपनीचं विम्याचं कार्ड नको, रोख देऊ."

"नेऊ ना. पण शुक्रवारी याकूबभाई जेवायला येतोय, आपल्याला जंगलात नेणारा. तोवर मला रोज फॅक्टरी. शनिवारी सकाळी पहिल्यांदा तेच काम. फ्लाइट रविवारी आहे."

"आणि तोवर?"

"अगं वर्षभर काही झालं का? इन्शाल्ला काही होणार नाही."

ती एकटी टॅक्सी करून जाऊ शकली असती. मंगळवारी तिने पर्स खांद्याला लावली, मिहिकाच्या पायांत सँडल चढवले आणि दाराशी येऊन थांबली. कुठला डॉक्टर? फाइलवर नाव काय सांगायचं? उद्या कुणी विचारलं तर? मिहिका म्हणाली, "ममा, आर वी गोइंग ऑर नॉट?" तिने सँडल पुन्हा काढले. बुधवार गेला, गुरुवार गेला. ती पोरीभोवती सावलीसारखी फिरत राहिली. दात घासताना उभी, आंघोळीला दार उघडं, तंबूच्या तोंडाशी बैठक. नजर हटली नाही तर काही होणार नाही, असं तिने स्वतःशी ठरवूनच टाकलं होतं. दुसरं तिच्या हातात काय होतं?

शुक्रवारी नमाजनंतर याकूब आला. त्याच्या पणजोबांनी कच्छ सोडलं होतं, हा जन्मला अरुशात. दुबईत टायर आणि तंबू विकत घ्यायला येऊन-जाऊन असायचा. थोराड, हळू बोलणारा माणूस. सुजाताने कोल्हापुरी रस्सा केला होता. त्याने दोन वाट्या ओरपल्या, नाक पुसलं आणि म्हणाला, "भाभी, ये खाके तो शेर भी पानी मांगेगा."

"शेराला आमचा सुदेश चालेल का ते विचारा," रामेश्वर म्हणाला. "सेल्सचा माणूस. निम्मी चरबी, निम्म्या थापा."

"आणि अ‍ॅडमिनच्या माणसाला सिंह खाणारच नाही," सुदेश म्हणाला. "आधी तीन कॉपीत अर्ज मागतील म्हणून."

सगळे हसले. सुदेश इतका मोकळा हसलेला तिने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

मग याकूब तंबूसमोर मांडी घालून बसला आणि पोरींना जवळ घेऊन नियम सांगायला लागला. बूट सकाळी झटकायचे. खाण्याचं काही आत न्यायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, "रात को बाहर कोई भी आवाज आए, ज़िप नहीं खोलना. चुपचाप अंदर. मैं नाम लेके बुलाऊं, तभी खोलना. समझे?"

"व्हॉट इफ इट्स अ लायन?" प्रज्ञाने विचारलं.

"तब तो पक्का नहीं खोलना."

पोरी किंचाळून तंबूत पळाल्या. याकूबने मोठ्यांकडे तोंड वळवलं आणि त्याचा आवाज बदलला.

"अब एक बात पूछनी पड़ती है. किसी को कोई तकलीफ? सांस की, दिल की, झटके की? बच्चों को भी. उधर डॉक्टर नहीं है. सुबह गाड़ी निकले तो शाम को अस्पताल. जो है यहीं बोल दो, मैं बुरा नहीं मानूंगा."

"सब तंदुरुस्त, याकूबभाई," सुदेश लगेच म्हणाला.

सुजाता स्वयंपाकघराच्या दारात शिऱ्याचं भांडं घेऊन उभी होती. भांड्याचा काठ हाताला चटके देत होता. "याकूबभाई," ती म्हणाली. जरा मोठ्यानेच. सगळ्यांनी माना वळवल्या. विनिताने, रामेश्वरने. सुदेश तिच्याकडे असा पाहत होता की जणू ती बाल्कनीच्या कठड्यावर उभी होती.

"शिरा लेंगे ना थोड़ा?"

"थोड़ा क्यों, पूरा लेंगे," याकूब म्हणाला आणि ताटली पुढे केली.

ती वाढत होती तेव्हा रामेश्वरने पडदे ओढले. "चला, जंगलात रात्र झाली!" दिवा बंद केला. भर दुपारी हॉलमध्ये अंधार. तो तोंडाला हात लावून तरसासारखा खिदळला, आतून पोरी खिदळल्या. तंबूची झिप सर्रकन आतून लागली. सुदेशने हत्तीचा आवाज काढला, तो म्हशीसारखा आला, त्यावर पुन्हा हशा.

मग तंबूतून एक गुरगुर आली. घोगरी, खोल.

"अरे वा, सिंहीण आली!" रामेश्वर म्हणाला आणि सगळे पोट धरून हसले. सुदेशही हसला.

सुजाताच्या हातातून भांडं सुटलं. ती शिऱ्यावरूनच धावली.

"प्रज्ञा, झिप उघड!"

"नो आंटी! याकूब अंकल हॅजन्ट कॉल्ड अस!"

"प्रज्ञा, उघड म्हणते ना!"

"दॅट्स चीटिंग, आंटी!" आतून हसणं. मग हसणं थांबलं. मग बारीक आवाजात, "आंटी... शी इज किकिंग मी. मिहिका, स्टॉप इट. आंटी!"

झिप अर्ध्यावर कापडात अडकली. बाहेरून सुजाता ओढत होती, आतून प्रज्ञा रडत ओढत होती. याकूबने खिशातून चाकू काढला आणि नवाकोरा तंबू वरपासून खालपर्यंत फाडला. दिवा लागला. मिहिका आपल्या झोपायच्या पिशवीत अडकून ताठ झाली होती, ओठ निळे, डोकं जमिनीवर आपटत होतं. सुजाताने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा हात घातला. नाशिकला मिनिटभरात थांबायचं. ती थांबायची वाट बघत राहिली. थांबलं नाही.

गाडी रामेश्वरने चालवली; विनिता, प्रज्ञा आणि याकूब मागून टॅक्सीने आले. सिग्नल दोनदा लाल लागला. मागच्या सीटवर सुजाताच्या मांडीवर ते अंग उसळत होतं आणि बाहेर ऊन इतकं लख्ख होतं की कुठे बघायचीही सोय नव्हती.

इमर्जन्सीत तिसऱ्या इंजेक्शनला झटके थांबले. तरुण डॉक्टरने घाम पुसला आणि हिंदीत विचारलं, "पहली बार हुआ?"

"हां जी," सुदेश म्हणाला. "फर्स्ट टाइम."

विनिता, रामेश्वर, याकूब, सगळे पडद्याशी उभे होते. सुजाताने डॉक्टरच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. पहिली वेळ नाही. चौथी. आजाराचं नाव हे, औषधाचं नाव हे, सकाळी इतकं, रात्री इतकं, सोमवारपासून बंद आहे. ती थांबलीच नाही. परीक्षेत पाठ केलेलं उत्तर म्हणावं तसं सगळं म्हणून टाकलं. वर्षभर जे तोंडातून निघत नव्हतं त्याला मिनिटसुद्धा लागलं नाही.

"अचानक बंद?" डॉक्टर म्हणाला. "क्यों?"

याकूब हळूच म्हणाला, "मैंने पूछा था, भाभी." त्यात राग नव्हता. तो सुदेशच्या खांद्याला हात लावून निघून गेला.

कॉरिडॉरमध्ये विनिता बाकावर बसली होती. कमरेला अजून ओढणी बांधलेली, तिला शिरा लागलेला.

"सोमवारपासून," ती म्हणाली. "ती बाटली."

सुजाता तिच्याशेजारी बाकावर टेकली.

"मला हसू आलं होतं गं तुझं. म्हटलं किती चिकट बाई, जुन्या टॉनिकसाठी खाली पळते." तिचा आवाज फाटला. "तेव्हा का नाही सांगितलंस? चहा पाजलास मला! एवढी परकी होते मी? माझ्या हातून करवलंस हे, सुजाता. माझ्या हातून." ती उठली, प्रज्ञाला हाताला धरून लिफ्टकडे चालू लागली. प्रज्ञा मागे वळून वळून बघत होती. "आय डिडन्ट नो, आंटी," ती म्हणाली. "आय वॉज ओन्ली फॉलोइंग द रूल."

संध्याकाळी मिहिकाने डोळे किलकिले केले. सुदेश खिडकीशी उभा होता, बाहेर बघत. "आईला काय सांगायचं?" त्याने काचेलाच विचारलं. सुजाताने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्याची कीव आली, स्वतःची आली, आणि मग तेही ओसरलं, काहीच उरलं नाही.

डॉक्टरने जाता जाता मिहिकाचा उजवा हात उचलून सोडला होता. तो नुसताच पडला. "कभी कभी ताकत लौट आती है. कल तक, कभी ज़्यादा दिन. झटका बहुत देर चला. आज मैं कुछ नहीं कह सकता," एवढंच त्याने सांगितलं होतं.

"ममा," मिहिका म्हणाली. जीभ जड होती, शब्द एका बाजूला कलत होते. "डिड ही कॉल माय नेम?"

"कोण, बाळा?"

"याकूब अंकल. कॅन आय ओपन?"

"हो," सुजाता म्हणाली. "बोलावलं त्याने. उघड आता."

तिने स्वतःचं बोट त्या उजव्या तळव्यात ठेवलं. "मिहिका, धर बघू माझं बोट. घट्ट."

मिहिकाने कपाळाला आठ्या घालून आपल्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाच्या हाताकडे बघावं तसं. बोटं पांढऱ्या चादरीवर उघडी पडून राहिली. सुजाता बोट न काढता बसली. "मिहिका," ती पुन्हा म्हणाली. "मिहिका."